जठररसाची साक्ष

शाळेच्या स्मरणिकेत जठरातील द्रवावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या घराघरांतील औषधांच्या डब्यात आहे. आपले माजी विद्यार्थी आज कमावत्या वयात आहेत, अनेक पालक उतारवयाकडे झुकले आहेत, आणि बहुतेक घरांत 'अ‍ॅसिडिटीची गोळी' ही मीठ-मसाल्यासारखी नित्याची वस्तू झाली आहे. छातीत जळजळ झाली, करपट ढेकर आली, पोट फुगले की 'पित्त झाले' एवढ्या दोन शब्दांत निदान उरकते आणि गोळी घेतली जाते. महिने जातात, वर्षे जातात. गोळी चालूच राहते. कोणी डॉक्टरांनी 'दुर्बिणीतून तपासणी करून घ्या' असे सांगितले, तर भीतीपोटी आणि खर्चापोटी ती पुढे ढकलली जाते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. परंतु पुरावा कसा वाचावा, तो कसा दुर्लक्षित राहतो आणि दुर्लक्षित पुराव्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. जठररसाच्या परीक्षणाचा इतिहास वाचताना हे तिन्ही प्रश्न आमच्यासमोर उभे राहिले. दुर्बीण जठरात उतरली की डॉक्टर सर्वप्रथम तेथील द्रव शोषून काढतात आणि तो टाकून दिला जातो. त्या टाकून दिल्या जाणाऱ्या द्रवात रोगाची साक्ष असते, ती काही क्षणांत वाचता येते आणि तिच्या आधारे पुढील तपासणीची दिशा ठरवता येते, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जठरातील द्रव म्हणजे काय?

जठराच्या आतील अस्तरात असंख्य सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर रस स्रवतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सिन असते, अस्तराचे रक्षण करणारा बुळबुळीत श्लेष्मा असतो, आणि 'ब-१२' हे जीवनसत्त्व पुढे आतड्यात शोषले जावे म्हणून लागणारे एक विशेष प्रथिनही असते. आम्ल आणि हे प्रथिन या दोहोंची निर्मिती जठराच्या मधल्या व वरच्या भागातील एकाच प्रकारच्या पेशी करतात. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

आम्लता 'पीएच' या मापाने मोजतात. अंक जितका लहान, तितके आम्ल तीव्र. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी जठरात हा अंक साधारणपणे १ ते २ च्या आसपास असतो. या मोजपट्टीवरील प्रत्येक पायरी दहा पटींची असते. म्हणजे २ ऐवजी ६ हा अंक आला, तर आम्लता चार पायऱ्यांनी, अर्थात दहा हजार पटींनी घटलेली असते. अंक दिसायला जवळजवळ असले, तरी दोन्ही जठरांची अवस्था एकमेकांपासून फार दूर असते.

एका गरीब मजुराचे जठर

जठररसाविषयीच्या ज्ञानाचा पाया ज्याच्या शरीरावर रचला गेला, तो कोणी शास्त्रज्ञ नव्हता. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडातील फ्रेंचभाषक तरुण मजुराला अपघाताने बंदुकीची गोळी लागली. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो वाचला, परंतु त्याच्या पोटाला पडलेले भोक कायमचे राहिले आणि त्यातून थेट जठराच्या आत पाहता येऊ लागले.

ब्यूमाँट यांनी १८२५ पासून त्याच्यावर प्रयोग सुरू केले. मांसाचा किंवा पावाचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून जठरात सोडायचा, ठरावीक वेळाने बाहेर ओढून तो किती पचला ते पाहायचे, असा तो क्रम होता. जठरातील रस बाहेर काढून, बाटलीत उबदार ठेवून, त्यात मांस विरघळते हेही त्यांनी दाखविले. पचन ही केवळ घुसळण्याची क्रिया नसून रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १८३३ मध्ये त्यांनी २३८ प्रयोगांची नोंद असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या रसातील आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हे लंडनचे विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्येच सिद्ध केले होते. १८३६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी पेप्सिनचा शोध लावला.

ब्यूमाँट यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात अमर झाले. सेंट मार्टिनला लिहिता येत नव्हते. स्वतःचे शरीर प्रयोगासाठी देण्याच्या करारावर त्याने सहीऐवजी फुली काढली. त्याचा मोबदला म्हणून वर्षाला दीडशे डॉलर आणि अन्न-वस्त्र-निवारा ठरला होता. तो अनेकदा काम सोडून आपल्या घरी निघून गेला. १८८० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा डॉक्टरांनी देह ताब्यात घेऊ नये म्हणून कुटुंबीयांनी तो मुद्दाम कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरला. ज्ञानाची उभारणी कोणाच्या देहावर झाली, हे विचारणे इतिहासाचे कर्तव्य आहे. जठररसाच्या कोणत्याही चर्चेत या निरक्षर मजुराचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे.

दुर्बिणीचा प्रवास

जठरात थेट डोकावण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न जर्मनीतील अडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये केला. सरळ, ताठ धातूची नळी गिळणे सामान्य माणसाला अशक्य होते. म्हणून त्यांनी तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका कलावंताची मदत घेतली. नळी आत गेली, पण प्रकाश अपुरा पडला आणि जठरात साठणारा द्रव दृष्टीच्या आड येऊ लागला. दुर्बीण वापरणाऱ्यांच्या दृष्टीने द्रव हा अडथळा ठरला तो असा सुरुवातीपासूनच.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात दुसरी वाट धरणारेही होते. १८८५ मध्ये जर्मनीतील एवाल्ड आणि बोआस यांनी रुग्णाला पाव आणि चहा असा ठरावीक नाश्ता देऊन, काही वेळाने रबरी नळीने जठरातील द्रव काढून त्यातील आम्ल मोजण्याची पद्धत रूढ केली. पुढे कित्येक दशके जठरविकाराच्या निदानात अशा चाचण्यांना मानाचे स्थान होते.

विसाव्या शतकात चित्र पालटले. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून वळणदार मार्गानेही प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवून दिले. कपानी हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले भारतीय शास्त्रज्ञ होत. या तत्त्वावर बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण तयार केली आणि १९५७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या घशाखाली उतरवून पाहिली. आता अस्तर डोळ्यांनी पाहता येऊ लागले, त्याचा तुकडा काढता येऊ लागला. नंतरच्या काळात आम्ल रोखणारी प्रभावी औषधेही आली. मग आम्ल मोजण्याचा खटाटोप हवा कशाला, असे वाटू लागले. द्रव काढण्याची क्रिया चालूच राहिली. तो वाचण्याची सवय मात्र सुटली.

साक्ष होती, ऐकणारे नव्हते

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अमोनियाचे आहे. जठरात युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करणारे 'युरिएज' नावाचे विकर आढळते, हे १९२४ मध्ये जेम्स मरे लक यांनी नोंदविले. ते विकर जठराच्या पेशींचेच असावे, असा समज दीर्घकाळ टिकला. १९५७ मध्ये बेल्जियममध्ये लीबर आणि लेफेव्र या संशोधकांनी काही व्यक्तींना जंतुनाशक औषध दिले, तेव्हा त्यांच्या जठररसातील अमोनिया घटला आणि आम्लता वाढली. जंतुनाशकाने अमोनिया घटतो, याचा सरळ अर्थ असा की तो जंतूंपासून निर्माण होतो. परंतु तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, ही समजूत इतकी दृढ होती की या पुराव्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

पंचवीस वर्षे गेली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत वक्राकार जंतू वारंवार दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे जंतुसंवर्धनाच्या तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि सावकाश वाढणारा तो जंतू प्रथमच प्रयोगशाळेत वाढला. पुढे त्याला 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हे नाव मिळाले. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात नोंदविले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यानच्या काळात अल्सरच्या रुग्णांना काय ऐकावे लागले? तुम्ही फार चिंता करता, तिखट खाता, वेळेवर जेवत नाही, म्हणून हा आजार झाला. रोगाचा दोष रोग्याच्याच माथी मारण्याची ही रीत जुनी आहे. असंख्यांच्या बाबतीत कारण वेगळेच होते, आणि त्याची खूण जठररसात उपलब्ध होती.

आजची चाचणी कशी चालते?

हा जंतू आम्लात कसा तगतो, हे समजले की चाचणीचे तत्त्व आपोआप उलगडते. रक्तातील युरिया थोड्या प्रमाणात जठरात झिरपतो. जंतूचे युरिएज त्याचे विघटन करून अमोनिया बनवते. अमोनिया आम्लाला निष्प्रभ करतो, आणि जंतू स्वतःभोवती जणू सुरक्षित कवच उभारतो. म्हणून जंतू असलेल्या जठराच्या द्रवात अमोनियाचे प्रमाण वाढलेले सापडते. लपण्यासाठी केलेली तजवीजच त्याचा ठावठिकाणा सांगते.

दुर्बिणीच्या तपासणीसाठी रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात. घशात बधिर करणारा फवारा मारून त्याला डाव्या कुशीवर झोपवतात. या स्थितीत जठरातील द्रव एका खोलगट भागात तळ्यासारखा साचतो. अस्तर नीट दिसावे आणि द्रव उलटून श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून तो शोषून घ्यावाच लागतो. इटलीत विकसित झालेले 'एंडोफास्टर' नावाचे उपकरण दुर्बीण आणि शोषणयंत्र यांच्या मधोमध जोडले जाते. द्रव जात असतानाच ते त्यातील थोडासा नमुना घेते आणि एक-दीड मिनिटात दोन गोष्टी मोजते: आम्लता आणि अमोनियम. रुग्णाला वेगळी सुई नाही, वेगळी नळी नाही. डॉक्टर जठराचे निरीक्षण करीत असतानाच आकडे समोर येतात. नमुना मात्र आरंभीच, धुण्याचे पाणी आत सोडण्यापूर्वी घ्यावा लागतो. अन्यथा द्रव पातळ होऊन आकडे फसवे ठरतात.

यंत्र नसले तरी द्रव मुका नसतो. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असेल, तर पुढे जाणारा मार्ग अरुंद झाल्याची किंवा जठराची हालचाल मंदावल्याची शंका येते. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट द्रव रक्तस्राव सुचवतो. पिवळा-हिरवा द्रव म्हणजे खरे पित्त, जे लहान आतड्यातून उलटे वर आलेले असते. बोलीभाषेत आपण ज्याला 'पित्त' म्हणतो, ते बहुतेक वेळा आम्ल असते, हा भेदही येथेच स्पष्ट होतो.

दोन आकडे काय सांगतात?

अमोनियम वाढलेले असेल, तर हेलिकोबॅक्टरची शंका बळावते. ते कमी असेल, तर जंतू नसण्याची शक्यता मोठी असते. अशा चाचणीचा नकारात्मक निष्कर्ष सकारात्मक निष्कर्षापेक्षा अधिक भरवशाचा मानला जातो. शंका आल्यास तुकडा काढून खात्री करावी लागते.

आम्लतेचा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. दीर्घकाळच्या दाहाने जठरातील ग्रंथी झिजत जातात आणि आम्ल कमी होते. ही झीज जंतूमुळे होऊ शकते; काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या पेशींवर उलटल्याने होते. आम्ल आणि 'ब-१२' शोषून घेण्यास लागणारे प्रथिन एकाच पेशींत तयार होत असल्याने, अशा माणसाला पुढे रक्तक्षय, अशक्तपणा, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात. दीर्घ दाह, ग्रंथींची झीज, अस्तराचे आतड्यासारखे रूपांतर, पेशींतील विकृती आणि अखेर कर्करोग, अशी ही उतरंड पेलायो कोरिया या शास्त्रज्ञाने मांडली आहे. ती उतरायला सहसा अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत. परंतु वरच्या पायऱ्यांवर रोग ओळखला, तर नियमित देखरेख ठेवता येते.

येथे 'अ‍ॅसिडिटी' या शब्दाची फसगत उघड होते. पोट जड वाटणे, फुगणे, ढेकर येणे ही लक्षणे आम्ल वाढलेल्या माणसाला होतात, तशी आम्ल घटलेल्या माणसालाही होऊ शकतात. ज्याच्या जठरात आम्ल आधीच ओसरले आहे, तोही वर्षानुवर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर तो कोणता आजार बरा करीत आहे?

जठराची झीज ठिकठिकाणी विखुरलेली असते आणि डोळ्यांना नेहमीच दिसत नाही. म्हणून प्रचलित पद्धतीनुसार जठराच्या ठरावीक पाच जागांचे तुकडे घेण्याची शिफारस आहे. गर्दीच्या रुग्णालयात प्रत्येकाच्या बाबतीत ती पाळली जातेच असे नाही, आणि प्रत्येक तुकड्याच्या तपासणीला पैसा व वेळ लागतो. द्रवाचे दोन्ही आकडे निर्दोष असतील आणि अस्तरही निरोगी दिसत असेल, तर अनावश्यक तुकडे टाळता येतात. आकडे बिघडलेले असतील, तर वरून निरोगी दिसणाऱ्या अस्तराचेही तुकडे घेण्यास डॉक्टर प्रवृत्त होतात.

साक्षीची मर्यादा

कोणत्याही साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. आम्ल रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आम्लता औषधामुळेच घटलेली असते. त्यावरून ग्रंथी झिजल्या असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट वर आलेले पित्त, जठरातील रक्त, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया यांमुळेही आकडे बदलू शकतात. कर्करोगाचे निदान तर द्रवावरून होतच नाही. त्यासाठी तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण अनिवार्य आहे. जठररसातून जंतूचे जनुकीय अवशेष शोधून तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे ठरविण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

आपल्याकडील रुग्णालयांत आज 'रॅपिड युरिएज' चाचणी अधिक प्रचलित आहे. तिच्यात अस्तराचा इवलासा तुकडा युरियायुक्त माध्यमात ठेवतात. जंतू असल्यास अमोनिया तयार होऊन पिवळा रंग गुलाबी-लाल होतो. तत्त्व तेच. फरक एवढाच की तेथे एका जागेचा तुकडा बोलतो, येथे संपूर्ण जठराचा एकत्रित द्रव बोलतो.

आपण काय करावे?

भारतात हा जंतू मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याची लागण बहुधा बालपणीच, तोंडावाटे, घरातील निकट सहवासातून होते. अपुरी जागा, दूषित पाणी आणि स्वच्छतागृहांची वानवा जेथे असते, तेथे तो अधिक फैलावतो. ज्या वस्त्यांतून आपली मुले निवासी शाळांत येतात, त्या वस्त्यांचे हे वर्णन आहे. त्यामुळे स्वच्छ पाणी आणि साबणाने हात धुणे हा आरोग्याइतकाच हक्काचाही विषय आहे. मात्र पालकांनी घाबरून जाऊ नये. जंतू असलेल्या बहुसंख्यांना गंभीर आजार होत नाही, आणि लक्षणे नसलेल्या मुलांची सरसकट तपासणी करण्याची शिफारस तज्ज्ञ करीत नाहीत.

मोठ्यांनी काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. काळी, डांबरासारखी शौचाला होणे, रक्ताची उलटी, कारणाशिवाय वजन घटणे, घास अडकणे, सतत उलट्या, रक्त कमी होणे, यांपैकी काहीही आढळले तर गोळीवर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हेदेखील अल्सरचे मोठे कारण आहे. शेतात, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हे आवर्जून सांगावे.

दुर्बिणीची तपासणी ठरली, तर कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरांना सांगावे. जंतूच्या तपासण्यांपूर्वी आम्लरोधक गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात. परंतु हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. जंतूची तपासणी होणार आहे काय, तुकडे घेतले जाणार आहेत काय, असे नम्रपणे पण निःसंकोच विचारावे. जंतू सापडला तर औषधांचा पूर्ण क्रम, बहुधा चौदा दिवसांचा, मध्येच न सोडता संपवावा. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी. अहवाल घरी जपून ठेवावेत.

१८३२ साली सेंट मार्टिनने ज्या कागदावर फुली काढली, तो त्याला वाचता येत नव्हता. आपल्या हाती येणारा दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल आपल्याला वाचता येतो. तो वाचावा, न समजलेला शब्द विचारावा आणि ज्यांना वाचता येत नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाचून दाखवावा.